सात आडनावांचं बेट, निम्म्या गावाला दमा आणि आपल्या सोयरिकी

दर्यावर्दी

दक्षिण अटलांटिकमध्ये ट्रिस्टन दा कुन्हा नावाचं बेट आहे. विमानतळ नाही. केप टाउनहून बोटीने आठवडाभराचा प्रवास, समुद्र खवळलेला असला तर आणखी जास्त. वस्ती अडीचशेच्या आतबाहेर. कित्येक दशकं या सगळ्यांची मिळून आडनावं सातच होती: ग्लास, ग्रीन, हेगन, लावारेलो, रेपेटो, रॉजर्स, स्वेन.

बेटाची गोष्ट सुरू होते नेपोलियनपासून. त्याला सेंट हेलेनावर ठेवलं होतं. सुटकेसाठी कुणी या बेटावर तळ ठोकू नये म्हणून इंग्रजांनी 1816 मध्ये तिथे शिबंदी बसवली आणि वर्षभरात उठवलीही. विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल मात्र बायकोमुलांना घेऊन मागेच राहिला, सोबत दोन गवंडी. पुढे फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी येत गेले. 1827 मध्ये सेंट हेलेनाहून काही बायका आणल्या गेल्या, बेटावरच्या सड्याफटिंगांचे संसार लागावेत म्हणून. 1892 मध्ये इटलीचं एक जहाज आपटलं, त्यातले दोघे तिथेच रमले. लावारेलो आणि रेपेटो ही आडनावं त्यांची.

मधल्या काळात वस्ती दोनदा आटली. ग्लास 1853 मध्ये वारल्यावर बरीच कुटुंबं बेट सोडून गेली. 1885 मध्ये जवळून जाणाऱ्या एका जहाजाकडे निघालेली होडी पंधरा पुरुषांसह नाहीशी झाली. शंभराच्या आसपासच्या वस्तीत पंधरा कर्ते पुरुष म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

1961 मध्ये ज्वालामुखी फुटला आणि अख्खं गाव इंग्लंडला हलवलं गेलं (1963 मध्ये बहुतेक सगळे परत गेले, तिकडची थंडी आणि धावपळ मानवली नाही). इंग्लंडमध्ये डॉक्टरांना पहिल्यांदाच सगळ्यांची नीट तपासणी करता आली. दम्याचं प्रमाण बघून ते चक्रावले. 1993 मध्ये टोरांटो विद्यापीठातले डॉ. नोए झामेल पथक घेऊन बेटावर गेले, तेव्हाही निम्म्याच्या वर लोकांत दम्याची कमीअधिक लक्षणं सापडली. बेटाची वंशावळ जवळपास पूर्ण उपलब्ध आहे. ती मागे नेत गेलं की सगळे धागे पंधराएक मूळ माणसांपाशी येतात, आणि त्यांच्यातल्या काहींना दमा असावा असं संशोधकांनी मांडलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की इथे कुणाचं रक्त वाईट नाही. पंधरा माणसांत एक जण एखाद्या जनुकाची बिघडलेली प्रत घेऊन आला तर पहिल्याच दिवशी पंधरात एक वाहक झाला. तोच माणूस मुंबईत उतरला असता तर ती प्रत गर्दीत विरून गेली असती. बेटावर विरायला जागाच नाही. पाच-सहा पिढ्यांत ती घरोघर पोचते, आणि मग दोन्हीकडून तीच प्रत मिळालेली मुलं जन्माला येऊ लागतात. यालाच संस्थापक परिणाम म्हणतात. दम्यात अनेक जनुकं आणि हवापाणी असं सगळंच मिसळलेलं असतं, म्हणून तिथे हिशोब इतका सरळ नाही. पण याच बेटावर डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार काही जणांत सापडला, त्याचा हिशोब बराचसा असाच लागतो.

एक गंमतही सांगतो. नोंदींप्रमाणे बेटाचे मूळपुरुष आठ. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्रं तपासली तर नऊ निघाले. नववा पूर्व युरोपाकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेलेल्या रशियन खलाशांपैकी कुणी असावा असा कयास आहे.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे समुद्र आडवा नाही. पण जात, पोटजात, शाखा, पंचक्रोशी या भिंतीआड हजार-दीड हजार वर्षं लग्नं होत आली, त्याचं काय? जाणकारांनी लिहावं.

झुंजूमुंजू

नववा मूळपुरुष! अहवाल आला त्या दिवशी बेटावर घरोघर काय बोलणी झाली असतील हो.

लेख आवडला. वाचनखूण साठवली.

पिंपळपार

याच जातीचं दुसरं उदाहरण म्हणजे मायक्रोनेशियातलं पिंगेलॅप. 1775 च्या सुमाराला मोठं चक्रीवादळ झालं, नंतर उपासमार झाली, आणि जेमतेम वीस माणसं उरली. त्यात तिथला राजाही होता. आज त्या बेटावर आणि तिथून पोनपेला गेलेल्या लोकांत पाच ते दहा टक्के माणसांना रंग अजिबात दिसत नाहीत. नुसता लाल-हिरव्याचा घोटाळा नव्हे, सगळंच करड्या छटांत. शिवाय उजेड सहन होत नाही, दिवसा डोळे किलकिले करून वावरतात. बाकी जगात हा आजार तीस-चाळीस हजारांत एखाद्याला. दोषी जनुकही सापडलं आहे, सीएनजीबी3. अंधारात यांना बरं दिसतं, त्यामुळे चांदण्या रात्री मासेमारीला या मंडळींना मान आहे.

सांगायचा मुद्दा असा, की वाचलेल्या वीस जणांत कोण होतं हा निव्वळ योगायोग. वादळाने जनुक बघून माणसं निवडली नव्हती.

रोखठोक

म्हणजे शेवटी निष्कर्ष एकच. जातीत लग्नं करणं बंद करा. विज्ञान पण तेच सांगतंय. बाकी सगळा काथ्याकूट.

कोहळा_आणि_आवळा

@रोखठोक, आमच्याकडे गोत्र बघतात की. सगोत्र लग्न नाही, म्हणजे जवळच्या नात्यात होत नाही. आपल्या पूर्वजांनी हा विचार केलेलाच होता.

विदाभक्त

गोत्राबद्दल: गोत्र फक्त बापाच्या बाजूने चालतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, आणि ती तुमची सख्खी मामेबहीण असते. तुमचे आणि तिचे आजी-आजोबा तेच. म्हणून गोत्र वेगळं म्हणजे नातं लांबचं हे गणित बसत नाही. महाराष्ट्रात किती समाजांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानतात, ते इथे कुणाला सांगायला नको.

पण मूळ धाग्यातला प्रश्न नात्यातल्या लग्नांचा नाहीच, आणि या दोन गोष्टी लोक सतत एक करतात. जरा सविस्तर लिहितो.

2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाचा एक अभ्यास आला. दक्षिण आशियातल्या 260 हून जास्त गटांचे, 2,800 हून जास्त लोकांचे नमुने तपासले होते. दोन माणसांच्या गुणसूत्रांवर एकसारखे लांबलचक तुकडे किती सापडतात हे पाहिलं. असे तुकडे म्हणजे फार लांबचा नसलेला सामाईक पूर्वज. निष्कर्ष: 81 गटांत संस्थापक परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी (म्हणजे युरोपातल्या) ज्यूंपेक्षाही तीव्र होता. आनुवंशिक आजारांच्या संदर्भात जगभर याच दोघांची उदाहरणं देतात. आणि यातल्या 14 गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर.

हे दहा लाख नीट वाचा. आज समाज दहा लाखांचा आहे म्हणून तो 'मोठा' ठरत नाही. तो किती माणसांपासून वाढला आणि मध्ये बाहेरचं कुणी आलं का, यावर सगळं ठरतं. अशा समाजात तुम्ही तीन जिल्हे ओलांडून, सात पिढ्या तपासून, अगदी अनोळखी घरात मुलगी दिली तरी दोघांकडे त्याच जुन्या पूर्वजाची प्रत असण्याची शक्यता राहते. नात्यातलं लग्न हा एका घराचा निर्णय असतो. संस्थापक परिणामाबाबत मात्र कुणी काही ठरवलेलंच नसतं.

हेलसिंकीकर

फिनलंडचं नाव निघालंच आहे तर लिहितो. इथे राहून बरीच वर्षं झाली.

सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाच्या काळात दक्षिण साव्होतल्या शेतकऱ्यांनी पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या ओसाड जंगलात वस्त्या केल्या. एकेका भागात थोडी कुटुंबं, मध्ये मैलोन्‌मैल जंगल आणि तळी. पुढची तीन-चारशे वर्षं लग्नं त्याच टापूत. परिणाम असा की इथल्या डॉक्टरांनी 1973 मध्ये आपल्याकडच्या खास आनुवंशिक आजारांची यादीच मांडली. आज त्या यादीत छत्तीसच्या आसपास आजार आहेत. तिला 'फिन्निश आजारांचा वारसा' म्हणतात, अगदी अभिमानाच्या सुरात. एक मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यात बाळ जन्मापासूनच लघवीवाटे प्रथिनं गमावतं. त्याचं जनुक 1998 मध्ये सापडलं, आणि त्यामुळे मूत्रपिंडाची गाळणी कशी चालते हे सगळ्या जगाला नव्याने कळलं.

पण लोक दुसरी बाजू विसरतात. युरोपात इतरत्र नेहमी आढळणारे सिस्टिक फायब्रोसिस आणि पीकेयू हे आजार फिनलंडमध्ये फारच कमी आहेत. मूळ वस्तीकरांत त्या प्रती आल्याच नाहीत, किंवा आल्या आणि गळाल्या. म्हणजे छोट्या समाजात आजार 'जास्त' असतातच असं नाही, तर वेगळे असतात. कोणते ते आधी माहीत असलं की डॉक्टरचं काम सोपं होतं.

इथे हे सगळं शोधता आलं याचं मोठं श्रेय चर्चच्या दप्तरांना. जन्म, लग्न, मृत्यू, कोण कुठल्या गावाहून आलं, सगळं शतकानुशतकं लिहिलेलं.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत की! माझ्या आजोबांच्या आजोबांची सही बघितली आहे तिथे.

विदाभक्त

आहेत, आणि फार मोलाच्या आहेत. पण त्यात मुख्यतः पुरुषांची साखळी मिळते. कोणत्या घरातून कोणती मुलगी आली आणि लहानपणी गेलेली मुलं किती, हे हवं असतं. तेच बहुतेक गाळलेलं असतं.

भूल_थाप

भूलतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करते. (आयडी बघून हसू नका.)

जात विचारणं मला स्वतःला आवडत नाही. पण एका ठिकाणी मी विचारते, कारण त्यामागे ठोस कारण आहे. श्वासनळीत नळी घालण्याआधी स्नायू सैल करायला एक औषध देतात, सक्सिनिलकोलीन. आम्ही स्कोलीन म्हणतो. रक्तातलं एक विकर (एन्झाइम) ते झटपट मोडतं, त्यामुळे चार-पाच मिनिटांत असर संपतो आणि रुग्ण स्वतः श्वास घ्यायला लागतो. आर्य वैश्य समाजात, ज्यांना आंध्र-तेलंगणात कोमटी म्हणतात, या विकराची कमतरता इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. अशा माणसाला तेच औषध दिलं की चार मिनिटांचे काही तास होतात. शुद्ध येते आणि हातपाय हलत नाहीत, श्वास घेता येत नाही. व्हेंटिलेटर चालू ठेवला आणि गुंगीचं औषध देत राहिलं तर काहीही बिघडत नाही, असर ओसरला की माणूस ठणठणीत. पण तयारी नसेल तर काय होईल ते सांगायला नको.

नांदेड, लातूर, परभणीकडे हा समाज मोठा आहे. 'घरात कुणाला ऑपरेशननंतर उशिरा श्वास आला होता का, मशीनवर ठेवलं होतं का?' एवढा प्रश्न विचारला की पुष्कळदा उत्तर मिळतं. 'हो, काकांना पित्ताशयाच्या वेळी रात्रभर ठेवलं होतं, डॉक्टर म्हणाले प्रकृती नाजूक आहे.' प्रकृती नाजूक नव्हती, विकर कमी होतं. दुसरं औषध वापरायचं, विषय संपला.

रोजच्या आयुष्यात या माणसांना काडीचाही त्रास नसतो. ऑपरेशन झालं नाही तर जन्मभर कळणारही नाही. म्हणून याला आजार म्हणायचं की नाही, हाही प्रश्नच आहे.

रक्तपेढीवाला

वरच्या डॉक्टर मॅडमच्या मुद्द्याला धरून. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' याच प्रकारातला. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत शोधला म्हणून ते नाव. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एखादा. साध्या तपासणीत हा माणूस 'ओ' दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेचंच लागतं. म्हणून रक्तपेढीत उलट तपासणी, म्हणजे रुग्णाच्या रक्तरसात ओ पेशी घालून बघणं, टाळायची नसते. एकाच्या घरात सापडला की भावंडांची तपासणी करायची, कारण भावंडांत सापडायची शक्यता चारात एक असते, बाहेर शोधत बसलात तर दहा हजारांत एक.

सातपुड्याची_वाट

मी नंदुरबार जिल्ह्यात काम केलं आहे. पावरा, भिल्ल समाजात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आजार. गडचिरोलीत माडिया, गोंड. सगळी चर्चा वाचली, पण सिकलसेलचा साधा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं. आपल्या राज्यातला सगळ्यात मोठा आनुवंशिक आजार हा, आणि आपण अटलांटिकमध्ये फिरतोय.

विदाभक्त

टोला मान्य. फक्त एक फरक नोंदवतो. सिकलसेल हे संस्थापक परिणामाचं उदाहरण म्हणून देता येणार नाही. तिथे निवड झाली आहे. एक प्रत असलेल्या माणसाला मलेरियाच्या घातक रूपापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात, हिवतापाच्या प्रदेशात, पिढ्यान्‌पिढ्या ती एक प्रत असलेली मुलं जास्त जगली. दोन प्रती आलेल्या मुलांनी त्याची किंमत दिली. समाज वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या, तरी सातपुडा ते गडचिरोली आणि पुढे ओडिशापर्यंत पट्टा सापडतो तो यामुळे. म्हणून 'आदिवासी आपसात लग्नं करतात म्हणून सिकलसेल होतो' हे वाक्य कुणी म्हटलं की तिथेच थांबवा.

सातपुड्याची_वाट

हे वाक्य मी आरोग्य शिबिरात, माइकवरून, पांढरा कोट घातलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे.

तपासणीबद्दल लिहिते, कारण या धाग्यात सगळे 'तपासा, तपासा' म्हणताहेत. 2023 च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047 चं उद्दिष्ट आहे, सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. चांगलंच आहे. पण गावात काय होतं बघा. मुलीचा रिपोर्ट 'एएस पॅटर्न' आला, म्हणजे ती नुसती वाहक. तिला काहीही आजार नाही, ती शेतात आपल्या भावापेक्षा जास्त काम करते. आणि सोयरीक मोडते. मुलगा एएस निघाला तर त्याचं कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं. मुलीचं मात्र आशाताईंकडून गावभर होतं. म्हणून आयाच मुलींना तपासणीला पाठवत नाहीत.

एएस मुलीला एए, म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या असलेला मुलगा मिळाला तर त्यांच्या एकाही मुलाला आजार होत नाही. दोघेही एएस असले तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. ही एवढी गोष्ट पावरी बोलीत, पोस्टरशिवाय, बसून समजावली की लोकांना कळते. पण तेवढा वेळ कुणाकडे आहे?

झुंजूमुंजू

वाहक म्हणजे आजारी नव्हे हे खरं तर दहावीच्या पुस्तकात ठळक हवं.

रोखठोक

माझ्या प्रतिसादाला कुणी उत्तर दिलं नाही. आंतरजातीय लग्न हा उपाय आहे की नाही? हो किंवा नाही.

दर्यावर्दी

@रोखठोक, आंतरजातीय लग्नाला माझा पाठिंबा आहे. माझं स्वतःचंच आहे. पण ते जनुकांच्या नावाने खपवायला मी तयार नाही. दोन कारणं.

एक, ते पुरत नाही. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक सिंधी, लोहाणा समाजात जास्त आहेत, पण थोडेबहुत सगळीकडे आहेत. सिंधी मुलगा आणि पंजाबी मुलगी, आंतरजातीय, आंतरप्रांतीय, सगळं पुरोगामी, आणि दोघेही वाहक, असं होऊ शकतं. दुसरं, 'रक्त सुधारण्यासाठी लग्नं' या वाक्याचा विसाव्या शतकात काय इतिहास आहे तो आठवा. माणसं आवडतात म्हणून लग्न करावं.

उपाय कसे असतात त्याची दोन उदाहरणं. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया फार होता. 1980 च्या दशकात तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला बंधनकारक केला. लग्न करू नका असं म्हटलं नाही, फक्त माहीत असू द्या म्हटलं. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच, आणि गरोदरपणी बाळाची तपासणी करून घेतली. आजारी बालकांचे जन्म जवळपास थांबले.

दुसरं न्यूयॉर्कच्या कट्टर ज्यू समाजातलं. टे-सॅक्स नावाच्या आजाराने रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुलं गेली. त्यांनी 1983 मध्ये 'दोर येशोरिम' सुरू केलं. शाळेतल्या मुलामुलींचं रक्त घेतात, प्रत्येकाला एक क्रमांक देतात, आणि निकाल कुणालाच सांगत नाहीत, त्या मुलालाही नाही. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे. उत्तर एवढंच मिळतं की जोडी चालेल की नाही. दोघेही एकाच आजाराचे वाहक असले तरच 'नाही'. त्यामुळे 'ही वाहक आहे' असा शिक्का कुणावर बसतच नाही. ठरवून केलेल्या लग्नांच्या समाजाने आपल्याच पद्धतीतून काढलेली वाट आहे ही. @सातपुड्याची_वाट, तुमच्याकडे हे चालेल का, तुम्हीच सांगा.

सातपुड्याची_वाट

विचार करण्यासारखं आहे. पण आमच्याकडे कार्ड द्यावंच लागतं, कारण एसएस, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला उपचार हवे असतात. हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायचं, ताप आला की लगेच दवाखाना, पाणी भरपूर. त्याला निकाल लपवून चालणार नाही. वाहकांपुरतं मात्र करता येईल. आणि आमच्याकडे मुलंमुली बऱ्याचदा स्वतःच जोडीदार निवडतात, क्रमांक विचारायला मध्यस्थ कोण?

अश्दोदची_आजी

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. जन्म पेणचा, आता पन्नासहून जास्त वर्षं इकडे इस्रायलमध्ये आहे. नातवाने टायपायला मदत केली आहे.

आमच्यात लहानपणापासून सांगतात की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि आम्ही सगळे त्यांचे. बुडालेल्यांना नवगावला पुरलं. कोकणात आम्ही तेलाचे घाणे चालवायचो, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर, किहीमकर. आणि आमच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता बरं का! गोरे म्हणायचे आम्ही शुद्ध, काळ्यांच्यात बाहेरची बाई आली. जेवायला वेगळे बसायचे. माझ्या आईने हे पाहिलेलं.

इथे आल्यावर आमच्या डोक्यावर दुसऱ्यांनी तोच प्रश्न ठेवला. रब्बी म्हणाले, तुम्ही खरे ज्यू कशावरून, लग्न लावण्याआधी पिढ्या तपासू. 1962 ते 64 आमच्या लोकांनी त्यासाठी आंदोलन केलं, यरुशलेमला धरणं धरलं, मग सरकारने बाजू घेतली आणि ते मिटलं.

नातू म्हणतो, 2016 मध्ये जनुकांचा अभ्यास झाला, त्यात आमचे पूर्वज दोन्हीकडचे निघाले. ज्यूही आणि तिथलेही, आणि मिसळण जुनी, साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची. त्यानंतर आपसातच लग्नं. म्हणजे गोरेही मिसळलेले आणि काळेही मिसळलेले. माझ्या आईला हे सांगायला हवं होतं, ती फार हसली असती.

आमच्या नातसुनेला इथल्या दवाखान्यात गरोदरपणाआधी विचारलं, आईकडचे कुठले, वडिलांकडचे कुठले. त्याप्रमाणे तपासण्या सुचवतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यांनी शुद्धता तपासायला विचारलं ते वेगळे, आणि बाळासाठी विचारणारी नर्स वेगळी.

कोहळा_आणि_आवळा

आजी, दंडवत. मलिद्याबद्दल पण लिहा ना कधी, स्वतंत्र धाग्यात.

पिंपळपार

+१. या प्रतिसादासाठी धागा वर काढत राहायला हवा.

खवट_खोबरं

मी ते घरी थुंकी पाठवायचं किट केलं होतं. अमेरिकेतल्या मुलाने वाढदिवसाला दिलं. उत्तर आलं: दक्षिण आशियाई, जवळपास शंभर टक्के. धन्यवाद, आरशात दिसत होतं. सोबत स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकाचाही रिपोर्ट होता, त्यात 'काही आढळलं नाही'. बायको म्हणते, तिनेही करावं म्हणजे निश्चिंत होईल. करावं का?

जनुकसल्लागार

पुण्यात समुपदेशन करते, म्हणून लिहिते. नका करू, निदान निश्चिंत होण्यासाठी तरी नका.

कूळ सांगणारा भाग आणि आजार सांगणारा भाग वेगळे असतात. 2018 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने घरगुती किटला बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांमधले तीन बदल सांगायला परवानगी दिली. ते तीन अश्केनाझी ज्यूंमध्ये वारंवार सापडणारे आहेत, त्यांचाही संस्थापक परिणामच. या दोन जनुकांत बिघाड करणारे बदल हजारांनी आहेत. मराठी बाईच्या बाबतीत ते तीन नसणं याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. घरात कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेली आई, बहीण, मावशी, आत्या असेल तर संपूर्ण जनुक वाचणारी तपासणी करायची, आणि शक्यतो आधी जिला आजार झाला तिची करायची.

पारशी समाजाचंही नाव इथे यायला हवं. 2011 च्या जनगणनेत ते 57,264 उरले होते. त्यांच्यात जी6पीडी विकराची कमतरता बरीच आढळते. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त दिसते. मलेरियावर प्रायमाक्वीन देण्याआधी ही तपासणी करावी, नाहीतर तांबड्या पेशी फुटतात. मुंबईतले जुने फॅमिली डॉक्टर पारशी रुग्ण म्हटलं की आपणहून ती सांगायचे. अग्रवाल समाजात लहान मुलांच्या मेंदूचा एक आजार, ज्यात डोकं मोठं होत जातं, मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीमसेन सिंघल यांनी 1990 च्या दशकात नोंदवला. पुढे त्यातला सामाईक बदल सापडला, त्यामुळे आज निदान सोपं झालं आहे. पूर्वी आईबाप वर्षानुवर्षं दवाखाने पालथे घालायचे.

लातूरची_सई

बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, पहिल्यांदाच लिहिते. माझं मामाच्या मुलाशी ठरतंय. दोघांच्याही मनात आहे, घरचेही खूश आहेत. हा धागा वाचून पोटात गोळा आला. मोडावं का?

रोखठोक

हो.

जनुकसल्लागार

@रोखठोक, जरा थांबा.

सई, धाग्यावरून लग्नं मोडायची नसतात. आकडे आधी बघ. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मतः गंभीर दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के धरतात. सख्ख्या आते-मामे भावंडांत त्यात आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. म्हणजे धोका वाढतो, पण बहुतेक बाळं निरोगीच होतात. अर्थात हा सरसकट आकडा. तुमच्या घरात आधीच नात्यातली लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झाली असतील, किंवा ठरावीक आजार असेल, तर तुमचा आकडा वेगळा. म्हणून आधी घराचा नकाशा काढायचा. आजी हयात असेल तर तिच्याजवळ बसून विचार: कुणाची मुलं लहानपणी गेली, कशाने गेली, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाला रक्त चढवावं लागायचं, कुणाला वारंवार गर्भपात झाले. 'देवी आल्या', 'दृष्ट लागली', 'सुकत गेलं' अशी उत्तरं मिळतील, तीही तशीच लिहून घे. आम्हाला त्यातूनही अंदाज येतो.

मग दोघांनी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करायची, थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही त्यात कळतं. मुंबईला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे. तुझ्याजवळ म्हटलं तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी कर. घराच्या नकाशात काही विशिष्ट निघालं तर पुढची तपासणी त्याप्रमाणे ठरते, आधीच महागडं पॅनेल करून बसू नकोस.

लातूरची_सई

आभारी आहे ताई. आजी आहे, 84 वर्षांची, सगळं लख्ख आठवतं तिला. एक विचारते, मामेभावाला दोन महिन्यांपूर्वी अपघातानंतर रक्त चढवलं होतं. त्याची एचपीएलसी आत्ता चालेल का?

जनुकसल्लागार

नाही. देणाऱ्याचं हिमोग्लोबिन त्यात मिसळून येईल आणि रिपोर्ट फसवा निघेल. रक्त चढवल्यापासून तीन महिने होऊ देत, मग त्याची कर. तुझी आत्ता करून घे. तुझी नॉर्मल आली तर त्या दोन आजारांपुरता प्रश्न तिथेच मिटेल.